टप उतरवताना : वजन जाते कुठे?

नागपुरात उघड्या गाडीचे दिवस मोजकेच असतात. मार्चपासून ऊन तापू लागते आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो. त्या उन्हात डोक्यावर सावली नसलेली गाडी म्हणजे चाकांवरचा तवा. जूनच्या मध्यापासून पावसाळा. उरतात ते दसऱ्यापासून होळीपर्यंतचे सुमारे पाच महिने. याच सुमारास, पावसाळ्यात बंद असलेला ताडोबाचा गाभा भाग ऑक्टोबरात पुन्हा उघडतो. पेंच आणि उमरेड-कऱ्हांडल्याच्या वाटाही गजबजू लागतात. ज्या घरासमोर जीपच्या जातीची गाडी उभी असते, त्या घरात या दिवसांत एक विषय हमखास निघतो : यंदा टप काढायचा का?

‘टप’ हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. गाड्यांचे शौकीन ‘हार्डटॉप’ म्हणतात. पण बैलगाडीवरच्या आच्छादनाला टप म्हणण्याची आपली पद्धत जुनी आहे आणि एस.टी.च्या टपावर ठेवलेली ट्रंक, सायकल किंवा कोंबड्यांची डालगी अनेकांनी पाहिली आहे. तेव्हा गाडीवर बसवलेल्या, बोल्ट सोडून काढता येणाऱ्या टणक छताला टप म्हणायला हरकत नसावी.

प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. पन्नास-साठ किलोची एक अवजड, मोठी वस्तू उचलायची, बाजूला ठेवायची आणि पाच महिन्यांनी पुन्हा बसवायची. पण घरच्या घरी हे करू पाहणारा माणूस यंत्रशास्त्रातल्या एका फार जुन्या प्रश्नापाशी येऊन पोहोचतो. वजन उचलले म्हणजे ते नाहीसे होत नाही. ते कुणीतरी, कशानेतरी पेललेले असते. माणसांच्या पाठी, घराचा स्लॅब, भिंत किंवा जमीन यांपैकी ते कुणाकडे सोपवायचे, एवढाच निर्णय आपल्या हातात असतो. तो निर्णय न घेता काम सुरू केले, तर वजन आपली वाट आपणच निवडते.

कोणता टप निघतो?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांतून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवून घेतल्या. त्या गाडीला पक्के छप्पर नव्हतेच. लोखंडी सांगाड्यावर ताडपत्रीसारखे कापड आणि पुढे पाडता येणारी समोरची काच, एवढाच संसार. १९४५ साली स्थापन झालेल्या ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढच्याच वर्षी कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. या घराण्याच्या ट्रॅक्टरचा कारखाना पुढे नागपूरच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीतही आला. जीपचे कापडी छत मात्र दीर्घकाळ टिकून राहिले. २०१० साली आलेली पहिली ‘थार’सुद्धा कापडी छताचीच होती. ऊन, पाऊस आणि चोर यांपासून सुटका हवी म्हणून लोक गॅरेजमधून पत्र्याचे किंवा फायबरचे टप करून घेत. आजही अनेक जुन्या गाड्यांवर असे हाताने घडवलेले टप आहेत.

यामागची रचना समजून घेतली पाहिजे. जीपच्या जातीच्या गाडीला खाली शिडीसारखी लोखंडी चौकट असते. इंजिन, चाके आणि शरीर यांचा भार ती चौकट पेलते. वरचा टप काढला तरी गाडी वाकत नाही. आपल्या नेहमीच्या चारचाकी मोटारीचे मात्र छप्पर, खांब आणि तळ मिळून एकच पेटी झालेली असते. तिचे छप्पर हा तिच्या ताकदीचाच भाग असतो. तिथे काढण्यासारखा टप नसतोच.

जीपच्या जातीतही सरसकट विधान करता येत नाही. २०२१ पासून पुण्याजवळच्या रांजणगावात जुळणी होणाऱ्या ‘जीप रँग्लर’चा टप मालकाने काढावा-घालावा याच हेतूने बनवलेला आहे. २०२० च्या नव्या ‘थार’मध्ये पक्का टप आणि उघडता कापडी टप हे वेगवेगळे पर्याय म्हणून विकले गेले, पक्का टप हंगामानुसार काढत राहावा हे त्यात गृहीत नाही. मारुतीची ‘जिप्सी’ १९८५ च्या अखेरीस बाजारात आली, तिलाही दोन्ही प्रकारची छते मिळत. जंगलात फिरणाऱ्या उघड्या जिप्सी पाहून ज्याला मोह होतो, त्याने आधी आपल्या गाडीचे पुस्तक उघडावे आणि टप कशाकशाने जखडला आहे ते पाहावे. बोल्टऐवजी वेल्डिंग दिसले, तर विषय तिथेच संपतो.

चार माणसांचा हिशेब

आपल्याकडे अशा कामाची रूढ पद्धत ठरलेली आहे. शेजारपाजारची चार पोरे बोलवायची, ‘एक, दोन, तीन’ म्हणायचे आणि उचलायचे. फायबरच्या टपाचे वजन साधारण पन्नास ते सत्तर किलो. पत्र्याचा असेल तर त्याहून जास्त. साठ किलो धरले तर प्रत्येकी पंधरा किलो. कॉलेजातल्या पोराला पंधरा किलो म्हणजे काय?

हा हिशेब दोन ठिकाणी फसतो. पहिले म्हणजे, चार कोपऱ्यांवर वजन सारखे वाटले जात नाही. उंचसखल फरशीवर चार पायांचे टेबल डुगडुगते, कारण कोणत्याही क्षणी त्याचा भार मुख्यतः समोरासमोरच्या दोन पायांवर असतो. टणक टपाचेही तसेच. चौघांपैकी एकाने हात किंचित वर नेला की त्याच्या आणि त्याच्या तिरप्या समोरच्या जोडीदाराच्या वाट्याला तीस-तीस किलो येतात आणि उरलेले दोघे नुसतेच हात लावून उभे राहतात. शिवाय मागची काच आणि तिची चौकट यांमुळे टपाचा मागचा भाग जड असतो.

दुसरे म्हणजे, शरीराची स्थिती. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षेच्या ‘नायॉश’ या सरकारी संस्थेने हाताने उचलण्याच्या वजनासाठी १९९१ साली सुधारलेले सूत्र आखले. त्यात सर्व परिस्थिती आदर्श असताना २३ किलो ही वरची मर्यादा धरली आहे. आदर्श म्हणजे ओझे अंगालगत, कमरेच्या आसपासच्या उंचीवर, दोन्ही हातांत नीट धरलेले आणि अंगाला पीळ नसलेला. यातली एकेक अट सुटली की मर्यादा खाली येते. टप उचलताना जवळजवळ सगळ्याच अटी सुटतात. हात खांद्याच्या वर, एक पाय टायरवर, दुसरा गाडीच्या कडेवर आणि ओझे अंगापासून हातभर दूर.

यात आणखी एक गोष्ट असते, तिच्याविषयी सहसा कुणी बोलत नाही. बोलावलेल्या चौघांत पगारी मनुष्य असतो. वॉचमन, ड्रायव्हर किंवा कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला मदतनीस. पाठ भरली तर त्याची चार दिवसांची मजुरी बुडते, मालकाची नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३४ व्या कलमाने इजा होईल इतके अवजड ओझे कामगाराला उचलायला लावण्यास मनाई केली. घराच्या पोर्चला कारखान्याचा कायदा लागू होत नाही, पण पाठीचा कणा कारखान्यात आणि पोर्चमध्ये एकच असतो. दुसरीकडे, आताच्या घरांत हाकेसरशी चार माणसे मिळतातच असेही नाही. मुले पुण्या-बंगळुरात आणि घरी साठीचे दोघे. अशा घरात उचलण्याचे साधन हा हौसेचा विषय राहत नाही.

मोटेपासून कप्पीपर्यंत

दोरी आणि चाक यांची करामत आपल्याला नवी नाही. विजेचे पंप येण्यापूर्वी महाराष्ट्रातली बागायत मोटेवर चालली. विहिरीच्या काठावर उभारलेल्या लाकडी सांगाड्यात वर चाक आणि खाली कणा. चाकावरून जाणारा जाड नाडा मोट ओढी आणि कण्यावरून जाणारी सोल तिची सोंड सांभाळी. बैल धावेवरून खाली चालत गेले की भरलेली मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी होई.

या सांगाड्यात दोन धडे आहेत. एकच स्थिर चाक ओझे हलके करत नाही, ते फक्त ओढण्याची दिशा बदलते. खालून वर ओढण्याऐवजी बैलांना पुढे चालता येते आणि धावेला उतार दिल्याने त्यांच्या स्वतःच्या वजनाचाही उपयोग होतो. दुसरा धडा सांगाड्याचा. चाकावरून एका बाजूला मोटेचा भार खाली ओढतो, दुसऱ्या बाजूला बैल तिरपे ओढतात आणि सांगाड्याला दोन्ही सोसावे लागतात. म्हणून मोटेचे खांब पाण्याच्या वजनाला लागतील त्याहून पुष्कळ दणकट असत.

हाच धडा पोर्चमध्ये विसरला जातो. छताच्या कडीला एक कप्पी टांगली, दोरीच्या एका टोकाला साठ किलोचा टप बांधला आणि दुसरे टोक आपण खाली उभे राहून ओढले, तर आपल्याला साठ किलोचाच जोर लावावा लागतो. मग कडीवर किती भार आला? साठ नव्हे, एकशे वीस. टपाचे साठ आणि आपल्या ओढीचे साठ.

ओझे हलके करायचे तर दोरीचे पदर वाढवावे लागतात. दोन कप्प्या वर आणि दोन खाली अशी जोडणी केली की टप चार पदरांवर लटकतो. प्रत्येक पदराला पंधरा किलो येतात आणि आपल्यालाही साधारण तेवढेच ओढावे लागते. घर्षणामुळे प्रत्यक्षात थोडे अधिक. कडीवरचा भार आता साठ अधिक पंधरा, म्हणजे पंचाहत्तर. बदल्यात दोरी चौपट ओढावी लागते. टप एक मीटर उचलायचा तर चार मीटर दोरी हातात येते. आर्किमिडीजने कप्प्यांच्या जोडणीने एकट्याने भरलेले जहाज ओढल्याची गोष्ट प्लुटार्कने लिहून ठेवली आहे. ती गोष्ट याच देवघेवीची आहे. जोर वाचवायचा तर अंतर मोजावे लागते.

दोरीच्या कप्पीत एक धोका मात्र कायम राहतो. हात सुटला की टप खाली. त्या धोक्यावरचा उपाय एकोणिसाव्या शतकात निघाला.

न सुटणारी साखळी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील थॉमस आल्ड्रिज वेस्टन याने साखळीची एक विलक्षण कप्पी पुढे आणली. तिच्या वरच्या भागात एकाच आसावर जखडलेली दोन चाके असतात, एक जरासे मोठे आणि दुसरे जरासे लहान. दोन्हींच्या कडेला साखळीचे दुवे बसतील अशा खाचा. समजा मोठ्या चाकाला बारा खाचा आहेत आणि लहानाला अकरा. चाके एकदा पूर्ण फिरली की मोठे चाक बारा दुवे वर ओढते आणि लहान चाक अकरा दुवे खाली सोडते. ओझे पेलणारा साखळीचा फास फक्त एका दुव्याने आखडतो आणि फासात लटकलेले ओझे अर्ध्या दुव्याइतके वर येते. बारा दुवे ओढून अर्ध्या दुव्याची चढाई, म्हणजे चोविसास एक. साठ किलोच्या टपाला हिशेबाने अडीच किलोचा जोर पुरावा.

प्रत्यक्षात पुरत नाही. लावलेल्या कष्टांतला निम्म्याहून अधिक भाग घर्षणात जातो. पण खरी गंमत इथेच आहे. घर्षण निम्म्याहून अधिक खात असेल, तर ओझ्याला स्वतःच्या वजनाने साखळी उलटी फिरवता येत नाही. हात सोडला तरी टप जिथल्या तिथे राहतो. जे घर्षण कष्ट वाया घालवते, तेच राखण करते.

आज बाजारात मिळणाऱ्या, गॅरेजवाले ज्याला ‘चेन कुप्पी’ म्हणतात त्या साधनात दात्यांची चाके आणि वेगळा ब्रेक असतो. साखळी ओढताना येणारा ‘कट्कट्’ आवाज दातेरी चाकावर पडणाऱ्या खिटीचा. आवाज थांबून साखळी निसटू लागली, तर काम तिथेच थांबवून ओझे खाली घ्यावे. विदर्भात हे साधन पाहायला कारखान्यात जावे लागत नाही. काटोल-नरखेड-वरुडच्या संत्रापट्ट्यात बोअरमधली मोटर बिघडली की तिपाई उभी करून, तिला चेन कुप्पी टांगून पाइपासकट मोटर वर काढतात. ती तिपाई नीट पाहावी. तिचा भार कुठल्याही घरावर पडत नाही, तीन पायांतून थेट जमिनीत जातो.

विजेवर चालणारे छोटे होइस्टही आता घरगुती वापरात आले आहेत. त्यांच्यावर बहुधा दोन आकडे असतात. लहान आकडा एकेरी दोरासाठी आणि मोठा आकडा हुकाची कप्पी लावून दुहेरी केलेल्या दोरासाठी. दुकानदार मोठा आकडा सांगतो. आपण लहान आकडा धरावा. वीज गेली तर ओझे जागीच धरून ठेवणारा ब्रेक आहे ना, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे. भारनियमन ज्यांनी भोगले आहे त्यांना याचे कारण सांगायला नको.

छताला विचारल्याशिवाय

आता मुख्य प्रश्न. हे साधन टांगायचे कुठे?

सर्वांत आधी नजर जाते ती पंख्याच्या हुकाकडे. तो विषय बंद करावा. तो हुक काही किलोंच्या पंख्यासाठी आहे. मग आठवतात झोपाळ्याच्या कड्या. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांत त्या जाड लाकडी तुळईत ठोकलेल्या असत. नंतरच्या सिमेंटच्या घरांत स्लॅब ओतण्याआधीच सळयांना अडकवून घेतलेल्या कड्या दिसतात, कधी पोर्चमध्येही. झोपाळ्यावर तिघे बसतात, वर झोकाही घेतात, म्हणून ही जागा आश्वासक वाटते. पण तो भार दोन किंवा चार कड्यांत वाटलेला असतो. सबंध टप एका कडीला टांगणे ही वेगळी गोष्ट झाली. कडी सळईला अडकवलेली आहे की नंतर भोक पाडून बसवली आहे, हे खालून पाहून कळत नाही.

राहत्या घराच्या खोल्यांचे स्लॅब भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो वापराचा भार धरून आखतात. यावरून ‘साठ किलोने काय होते’ असे वाटते. मात्र तो भार वरून आणि पसरलेला असतो. आपण देणार तो खालून, एका बिंदूवर आणि ओढणारा. स्लॅबच्या मधल्या भागात खालच्या बाजूचे काँक्रीट आधीच ताणाखाली असते आणि त्यात बारीक तडे असणे स्वाभाविक असते. तिथे भोक पाडून ठोकलेला बोल्ट त्याच तडकणाऱ्या भागावर विसंबतो.

खात्रीचे मार्ग दोन. पहिला, पोर्चच्या दोन भक्कम भिंतींवर किंवा बीमवर टेकलेली आडवी लोखंडी तुळई. ती बरोबर मध्ये भार घेत असेल तर प्रत्येक टेकूवर निम्मा भार जातो. भार एका बाजूला सरकवला तर त्या बाजूचा हिस्सा वाढतो. तुळईची मापे आणि टेकण्याची जागा स्थापत्य अभियंत्याकडून ठरवून घ्यावी. त्याची फी टपाच्या काचेपेक्षा स्वस्त पडते. दुसरा मार्ग बोअरवाल्यांचा. जमिनीवर उभी राहणारी, दोन्ही बाजूंना इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखे पाय असलेली लोखंडी घोडी. ती घराला हातच लावत नाही. फक्त एक पाहावे. पाणी वाहून जावे म्हणून आपल्याकडे पोर्चच्या फरशीला उतार ठेवलेला असतो. घोडीला चाके असतील तर ती उतारावर चालू लागते. चाके जखडावीत आणि त्यांना लाकडी पाचर मारावी.

उंचीही मोजावी. गाडी सुमारे १.८५ मीटर उंच आणि टपाच्या बाजू अर्धा-पाऊण मीटर खाली उतरलेल्या. टपाची खालची कड गाडीच्या सर्व अडथळ्यांच्या वर न्यायची, तर टपाचा माथा अडीच मीटरच्या आसपास जातो. पोर्चची उंची तीन मीटर असेल तर कप्पी, चौकट आणि पट्टे या सगळ्यांना अर्धा मीटरच उरतो. मोजमाप न करता आणलेली चेन कुप्पी इथे परत जाते.

पट्टे आणि कोन

टप कप्पीला बांधायचा कशाने? नायलॉनची दोरी ताणते, तर स्वस्त प्लास्टिकची दोरी नागपूरच्या उन्हात एका उन्हाळ्यात ठिसूळ होते. ओझी उचलण्यासाठी विणलेले पॉलिएस्टरचे पट्टे घ्यावेत. त्यांचे रंग ठरलेले असतात : जांभळा एक टनाचा, हिरवा दोन टनांचा, पिवळा तीन टनांचा. छापील क्षमतेच्या सात पट ताकद धरून ते बनवतात. एवढी सवड कशाला, असे वाटेल. उत्तर साधे आहे. ओझे हळूहळू न देता एकदम दिले, तर नुसत्या त्या एकदमपणाने ताण दुप्पट होतो. सैल दोरीला झटका बसला तर त्याहूनही अधिक. वर गाठी, धारदार कडा आणि झीज यांचा वाटा वेगळा.

सगळ्यात फसवा असतो तो पट्ट्यांचा कोन. दोन पट्टे सरळ उभे असतील तर साठ किलोंपैकी प्रत्येकावर तीस येतात. ते जमिनीशी साठ अंशांचा कोन करत असतील तर सुमारे पस्तीस, पंचेचाळीस अंशांना बेचाळीस आणि तीस अंशांपर्यंत पसरले तर प्रत्येकावर पूर्ण साठ. पट्ट्याला याचे काही वाटणार नाही, पण टपाला वाटते. तिरपा पट्टा वर उचलतो तसाच आतही दाबतो आणि फायबरच्या टपाच्या कडा आत दाबल्या गेल्या की कोपऱ्यांत तडे जातात. कमी उंचीच्या पोर्चमध्ये पट्टे पसरटच बसतात, म्हणून हे संकट तिथे हमखास येते. उपाय म्हणजे टपाइतकीच लांबरुंद लोखंडी किंवा लाकडी चौकट. कप्पी चौकटीला धरते आणि चौकटीच्या चार कोपऱ्यांतून पट्टे सरळ खाली येतात. आत दाबण्याचे काम चौकट सोसते, टप नाही. चारही पट्टे सारखे ताणलेले दिसले तरी हिशेब दोनच पट्ट्यांचा करावा. डुगडुगणारे टेबल आठवावे.

कामाचा क्रम

टप टांगण्याआधी साधन तपासावे. वीस लिटरचे पाण्याचे जार यासाठी उत्तम. पाच भरलेले जार चौकटीवर नीट बांधले की शंभर किलोंहून थोडे अधिक होतात. ते जमिनीपासून वीतभरच उचलून पंधरा मिनिटे तसेच ठेवावेत. तुळई वाकते का, घोडी सरकते का, साखळी उतरते का, ते तेव्हाच कळते. पडलेच तर पाणी सांडेल, इतकेच.

मग गाडीकडे वळावे. मागच्या काचेचा वायपर, काच तापवणारी तार, आतला दिवा, पाणी फवारणारी नळी अशा ज्या ज्या जोडण्या टपात जातात, त्या आधी सोडवाव्यात. उचलताना तुटणाऱ्या गोष्टींत यांचा पहिला क्रमांक लागतो. मागची काच बंद करून पट्ट्याने बांधावी. बोल्ट सोडण्याआधीच पट्टे अडकवून साखळी नुसती ताठ करून घ्यावी. बोल्ट ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने, कागदावर खुणा करून, डब्यात ठेवावेत. सर्व बोल्ट निघाल्याची खात्री दोनदा करावी. एक बोल्ट राहिला आणि साखळी ओढत गेलो, तर आपण टप नव्हे, सबंध गाडी उचलू पाहत असतो.

सुरुवातीला दोन बोटे उचलावे आणि थांबावे. टप एका बाजूला कलला तर खाली घ्यावा आणि चौकट जड बाजूकडे सरकवावी. हाताने दाबून समतोल साधू नये. रबराची पट्टी चिकटली असेल तर ती प्लास्टिकच्या पाचरीने हलके सोडवावी. टप वर गेल्यावर त्याच्या दोन टोकांना बांधलेल्या हलक्या दोऱ्या दोघांनी धराव्यात. त्या उचलण्यासाठी नसतात, टप गरगरू नये म्हणून असतात. त्यानंतर टप हलवू नये. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून बाहेरून ढकलत काढावी. लटकत्या टपाखाली डोके, हात किंवा चालक असू नये. वाऱ्याच्या दिवशी हे काम नको, कारण टप हा शिडासारखा असतो.

गाडी बाहेर गेली की टप खाली आणून जाड गादीवर किंवा लाकडी घोड्यांवर टेकवावा. पाच महिने तो साखळीवर लटकत ठेवण्याचा मोह होतो, कारण पोर्च मोकळा राहतो. पण उचलण्याचे साधन साठवणीचे साधन नव्हे. पट्टे सावकाश ताणत राहतात, घरातली मुले साखळीशी खेळतात आणि काही दिवसांनी सर्वांना त्या लटकत्या ओझ्याची सवय होते. वरच ठेवायचा असेल तर तुळईखाली वेगळे कायमचे टेकू द्यावेत आणि साखळी सैल सोडावी. कारखाना कायद्याच्या २९ व्या कलमाने उचलण्याच्या साधनांवर सुरक्षित भार ठळक लिहिणे आणि वर्षातून किमान एकदा जाणत्या व्यक्तीकडून त्यांची तपासणी करणे बंधनकारक केले. घरातही दसऱ्याला शस्त्रपूजा होतेच. त्याच दिवशी साखळीचे दुवे, पट्ट्यांची शिवण आणि हुकाची खिट्टी पाहिली, तर ती पूजा सार्थ झाली असे म्हणता येईल.

कागदावरचा टप

टप निघाला म्हणजे गाडी रस्त्यावर नेता येईल असे नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे ५२ वे कलम सांगते की नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळे ठरतील असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका ठामपणे मांडली. उत्पादकानेच काढता टप दिलेला असेल तर गोष्ट वेगळी. पण नोंदणी पक्क्या छताची आणि गाडी उघडी, किंवा नोंदणी कापडी छताची आणि वर गॅरेजमधला पत्र्याचा टप, हे दोन्ही प्रश्न निर्माण करतात. अपघातानंतर विमा कंपनीही हाच प्रश्न विचारते. आपल्या प्रमाणपत्रावर काय लिहिले आहे ते वाचून, शंका असल्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारून मगच पान्याला हात घालावा. पाना हाती घेतल्यानंतर हे वाचायला सहसा कुणी थांबत नाही.

शिवाय टप काढल्यावर गाडी उलटली, तर आतल्या माणसांना वाचवणारे दोनच राहतात, आतला लोखंडी दांड्यांचा पिंजरा आणि सीटबेल्ट. पिंजरा नसलेल्या जुन्या जीपचा टप काढून मुलांना मागच्या बाकावर बसवणे म्हणजे त्यांच्या डोक्यावरचे एकमेव संरक्षण घरी ठेवून निघणे.

होळीच्या सुमारास टप परत बसवताना सारा क्रम उलटा होतो, पण हिशेब तोच राहतो. गाडी टपाखाली आणायची, टप सावकाश उतरवायचा, सर्व बोल्ट आधी हाताने लावून मग तिरप्या जोड्यांनी आवळायचे आणि शेवटी जोडण्या जोडायच्या. साखळी सर्वांत शेवटी सोडायची. टपाचे सगळे वजन पुन्हा गाडीच्या चौकटीने, तिच्यामार्फत चाकांनी आणि चाकांखालच्या जमिनीने घेतले आहे, अशी खात्री पटल्यावर.